ग्रंथालयाचा संगणक कोणाच्या भरवशावर?

वऱ्हाडातल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांत गेल्या पंचवीसेक वर्षांत संगणक आले, पण ते सांभाळणारा माणूस आला नाही. मंजूर पदांची यादी काढली तर तिच्यात ग्रंथपाल दिसतात, लिपिक दिसतो, ग्रंथालय परिचर दिसतात. त्यांतलीही काही पदे माणूस निवृत्त झाल्यावर तशीच रिकामी पडलेली असतात. सर्व्हर, बारकोड, नेटवर्क, स्कॅनर आणि पासवर्ड पाहणारे वेगळे पद बहुतेक ठिकाणी नाहीच. मग काम अडले की ग्रंथपाल वाचनकक्षावर नजर फिरवतात आणि ओळखीच्या पोराला हाक मारतात, “तू कॉम्प्युटरवाला ना रे? हे पाह्य बरं जरा, काऊन अटकलं.” पोरगा उठतो, अर्ध्या तासात काम मार्गी लावतो, चहा घेतो आणि पुन्हा आपल्या पुस्तकाकडे वळतो.

अमरावती असो की अकोला, ही पद्धत सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. या कामाला नाव नाही, ठरलेली वेळ नाही, मोबदला नाही, आणि चुकले तर जबाबदार कोण हेही ठरलेले नाही. विद्यार्थ्यांना ग्रंथालयात अर्धवेळ तांत्रिक काम द्यावे का, अशी चर्चा निघाली की काहीतरी नवे खूळ आल्यासारखे बोलले जाते. पण काम तर कधीच सुरू झालेले आहे. ते हिशेबात धरायचे की नाही, एवढेच ठरवायचे बाकी आहे. माझे मत स्पष्ट आहे: ते धरले पाहिजे, त्याचे पैसे दिले पाहिजेत, आणि ते शिकवूनच दिले पाहिजे.

हे काम एवढे वाढले कसे, हे आधी पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ साली इन्फ्लिबनेटचा प्रकल्प हाती घेतला. विद्यापीठांची ग्रंथालये संगणकाने जोडायची, हा त्याचा उद्देश. त्यातूनच ‘सोल’ हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर निघाले, २००९ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली आणि लहानमोठ्या महाविद्यालयांनी ते बसवून घेतले. दुसरीकडे न्यूझीलंडमधल्या हॉरोव्हेनुआ नावाच्या ग्रामीण भागातल्या ग्रंथालयांसाठी १९९९ मध्ये लिहिलेले ‘कोहा’ हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर जगभर पसरले. कोहाला परवान्याचे पैसे पडत नाहीत, पण ते चालवायला लिनक्स जाणणारा माणूस लागतो. २००९ च्या नियमांनी पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले आणि अशा प्रबंधांचे ऑनलाइन भांडार असलेली ‘शोधगंगा’ भरू लागली. पाठोपाठ एन-लिस्ट आले. महाविद्यालयाने वर्षाला काही हजार रुपये भरले की सहा हजारांवर नियतकालिके आणि लाखाच्या वर ई-पुस्तके विद्यार्थ्याला घरबसल्या मिळतात. २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याचे नियम आले आणि प्रबंध सॉफ्टवेअरमधून तपासून १० टक्क्यांच्या आत बसवणे सुरू झाले. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती आली की ग्रंथालय संगणकीकृत आहे का, ई-साधनांवर खर्च किती, रोज वापर किती, हे विचारते. यातली प्रत्येक गोष्ट चांगली आहे. प्रत्येक गोष्ट ग्रंथालयाच्या दारात येऊन उतरली, आणि ती हाताळायला माणूस मात्र एकीबरोबरही आला नाही.

अगदी अलीकडची भर म्हणजे ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. पहिला टप्पा आहे तो केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, १९२३ पासून चालत आलेली शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था, अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशा संस्था या चौकटीत बसतात. पण वऱ्हाडातली बहुसंख्य महाविद्यालये शिक्षण संस्थांनी उभी केलेली आहेत. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये स्थापन केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेचेच जाळे केवढे मोठे आहे! अशा महाविद्यालयांतल्या पोरापोरींचा आधार एन-लिस्टच. एन-लिस्टचे दार प्रत्येकाच्या स्वतःच्या नावाने आणि पासवर्डने उघडते. महाविद्यालयाने यादी चढवायची, मग प्रत्येकाच्या ई-मेलवर पासवर्ड जायचा. आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

जुलै-ऑगस्टमध्ये कोणत्याही ग्रंथालयाच्या संगणकाशेजारी तासभर बसून पाहावे. पहिल्या वर्षाची मुलगी येते. तिचा ई-मेल बारावीच्या फॉर्मसाठी नेटकॅफेवाल्याने उघडून दिलेला, पासवर्ड त्यालाच ठाऊक. दुसरा सांगतो, “सर, ओटीपी येऊनच नाही राहिला.” चौकशी केल्यावर कळते, आधारला जोडलेला नंबर वडिलांचा, आणि वडील सोयाबीनच्या डवरणीला शेतात गेलेले. फोन लागतो, वडील आकडे वाचून दाखवतात, तोवर मुदत संपते आणि पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्याला महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे. गुणपत्रिकेचा मोबाइलवर काढलेला फोटो चार एमबीचा, आणि अर्जात जागा काहीशे केबीची. चौथीला परीक्षेचा फॉर्म, पाचव्याला अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक. यातले निम्मे काम ग्रंथालयाचे नव्हेच, असे कोणी म्हणेल. कागदोपत्री ते बरोबर आहे. पण गावाकडून एसटीने आलेल्या मुलाला फुकटात संगणक, प्रिंटर आणि समजावून सांगणारा माणूस एकाच जागी मिळण्याची शक्यता असते ती ग्रंथालयातच. रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतले चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे. त्या वेळात हा वेळही मोजला पाहिजे.

इथे शिक्षकापेक्षा विद्यार्थी मदतनीस जास्त उपयोगी पडतो, हे मी अनेक ग्रंथालयांत पाहिले आहे. प्राध्यापकांसमोर पासवर्ड विसरल्याचे सांगायला लाजणारी मुलगी सीनिअर ताईला ते सहज सांगते. ताई मागच्याच वर्षी त्याच फॉर्मपाशी अडखळलेली असते, त्यामुळे नेमके कुठे अडते ते तिला ठाऊक असते. चांगली मदतनीस स्वतः भराभर टाइप करून मोकळी होत नाही. समोरच्याच्या हातात माउस देते, फोटो लहान कसा करायचा ते एकदा दाखवते आणि दुसऱ्यांदा त्याच्याकडून करून घेते. पासवर्ड ती स्वतः कधीच टाइप करत नाही. हे कोणी शिकवल्याशिवाय येत नाही, आणि म्हणूनच या कामाला प्रशिक्षण हवे असे मी म्हणतो.

यंत्रांची दुरुस्ती त्या मानाने सोपी. देवघेवीच्या संगणकाची छोटी बॅटरी संपली की चालू करताना तारीख दहा-वीस वर्षे मागे जाते. कुणाच्या लक्षात आले नाही तर दिवसभराची देवघेव त्या जुन्या तारखेने नोंदली जाते, आणि मग दंडाचे हिशेब असे निघतात की विद्यार्थी आणि परिचर यांची जुंपते. ती बॅटरी चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळते. अकोल्याचा उन्हाळा हा आणखी एक विषय. पारा ४५ च्या आसपास गेला की यूपीएसच्या बॅटऱ्या लवकर दम टाकतात. कूलरची ओलसर हवा थेट संगणकावर येत असते आणि सीपीयूच्या पंख्यात धुळीचा थर बसलेला असतो. दर पंधरा दिवसांनी हे पाहणारा कोणीतरी असावा, एवढेच.

या सगळ्यापेक्षा मोठे काम मात्र मराठी पुस्तकांच्या नोंदींचे आहे, आणि त्याची चर्चा सगळ्यांत कमी होते. संगणकीकरण घाईघाईने झाले तेव्हा अनेक ठिकाणी मराठी पुस्तकेही रोमन अक्षरांत चढवली गेली. उद्धव शेळक्यांची ‘धग’ ही वऱ्हाडी बोलीतली मोठी कादंबरी. तिच्या लेखकाचे आडनाव रोमनमध्ये तीन जणांनी तीन तऱ्हांनी लिहिले असेल, तर संगणकाला ते तीन वेगळे लेखक वाटतात. मुलगा देवनागरीत ‘शेळके’ टाइप करतो आणि पडद्यावर येते, पुस्तक उपलब्ध नाही. पुस्तक मात्र मागच्याच कपाटात असते. काही ठिकाणी नोंदी देवनागरीत झाल्या, पण कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये. तो फाँट नसलेल्या संगणकावर त्यांचे नुसते रोमन अक्षरांचे कडबोळे दिसते.

युनिकोड आल्यावर हे मिटायला हवे होते. पुष्कळसे मिटलेही. पण आपल्याच प्रांताचे नाव घ्या. ‘वऱ्हाड’मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवला जातो. एका पद्धतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात, दुसरीत साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. ज्याला यातले काहीच टाइप करता येत नाही तो रफार देऊन ‘वर्हाड’ करतो, म्हणजे तिसरा शब्द. वऱ्हाडावरची पुस्तके शोधणाऱ्या संशोधकाच्या हाती त्यामुळे एक तृतीयांश यादी लागली तर नवल नाही. ‘कुऱ्हा’, ‘गोऱ्हा’, ‘पऱ्हाटी’, सगळ्यांचे तेच. ही चूक सॉफ्टवेअरच्या दूरच्या मदतकेंद्राला दिसणार नाही. पऱ्हाटी माहीत असलेल्या आणि युनिकोडही समजणाऱ्या माणसालाच ती दिसेल. अशी पोरे अमरावती-अकोल्यात ढिगाने आहेत. मराठी विभागातली एक मुलगी आणि संगणकशास्त्रातला एक मुलगा असे जोडीने बसवले, तर एका शैक्षणिक वर्षात मध्यम आकाराच्या ग्रंथालयाच्या मराठी नोंदी बऱ्याच सरळ होतील. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आले आहे. महानुभाव पंथाच्या सांकेतिक लिप्यांतल्या पोथ्यांचे काम पुढे संगणकावर न्यायचे असेल तर त्याची तालीमही या साध्या नोंदींपासूनच होईल.

आता पैशांचा आणि परंपरेचा प्रश्न. महाराष्ट्राला शिकता शिकता कमावणे नवे नाही. गरिबाची पोरे वार लावून जेवत आणि शिकत, त्या काळात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, आणि दयेच्या जेवणाऐवजी श्रमाची भाकर हे तत्त्व रुजवले. १९४७ मध्ये साताऱ्याला निघालेले छत्रपती शिवाजी महाविद्यालय ‘कमवा आणि शिका’ याच पायावर उभे राहिले. तिथून ही कल्पना राज्यातल्या विद्यापीठांत पसरली. १ मे १९८३ ला स्थापन झालेले आपले अमरावती विद्यापीठ तर संत गाडगेबाबांचे नाव मिरवते. बाबा गावात शिरले की आधी झाडू हाती घेत, मगच भाकरीचे पाहत. त्यांच्या नावाने विद्यार्थ्यांना ‘सेवा म्हणून करा’ असे सांगताना अनेकांना बाबांची ही दुसरी बाजू आठवत नाही. काम केलेल्याच्या पानात भाकर पडलीच पाहिजे, हेही त्यातच आले.

कमवा आणि शिका योजनेचा अनुभव मात्र संमिश्र आहे. तासाचा दर तुटपुंजा, बिल निघायला उशीर, ही तक्रार राज्यात सगळीकडे ऐकू येते. त्याहून मला खुपते ती कामाची वाटणी. झाडांना पाणी घालणे, पुस्तकांवरची धूळ झटकणे, फाइली वाहून नेणे ही कामे धारणी-चिखलदऱ्याकडून किंवा तेल्हाऱ्याकडून आलेल्या मुलांच्या वाट्याला येतात, आणि संगणकाचे काम ज्याच्या घरी आधीच लॅपटॉप आहे त्याला मिळते. पहिल्या दिवशी ते सोयीचे वाटते. पण ज्याला हे काम शिकून सर्वांत जास्त फायदा होणार, त्यालाच त्यापासून लांब ठेवण्यासारखे ते आहे. निवड करताना येणारे ज्ञान पाहू नये, शिकायची तयारी आणि लोकांशी बोलण्याची रीत पाहावी. लिनक्सच्या दहा आज्ञा महिन्याभरात शिकवता येतात.

आपल्याच भागात एक चांगले उदाहरण आहे, पण ते ग्रंथालयांनी पाहिले नाही. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ चे. तिथल्या पदवीच्या शेवटच्या वर्षाची पोरे ‘रावे’ला, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवाला, गावोगाव जातात. पेपरात ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणून त्यांचे फोटो आपण नेहमी पाहतो. माती परीक्षण, बीजप्रक्रिया, फवारणीतली काळजी हे ते शेतकऱ्याला करून दाखवतात. त्या कामाला अभ्यासक्रमात जागा आहे, गुण आहेत, देखरेख आहे आणि विद्यावेतनही आहे. विद्यार्थ्याचे काम असे पदरी बांधता येते, हे शेतीने सिद्ध केले. कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’वर चढतात आणि शेतीची नियतकालिके ‘सेरा’ या समाईक व्यवस्थेतून मिळत आली आहेत. ती शोधायला शिकवणारे कृषिदूत ग्रंथालयातही बसू शकतात.

नव्या शैक्षणिक धोरणाने ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आणले आहे. ते चार श्रेयांकांचे असेल तर १२० तासांचे काम. बाहेर कंपन्या नाहीत म्हणून महाविद्यालये विद्यार्थ्यांना कुठे पाठवायचे या चिंतेत असताना स्वतःचे ग्रंथालय मोकळे पडलेले असते. तेव्हा हे प्रशिक्षण ग्रंथालयात जरूर द्यावे. पण श्रेयांक दिले म्हणून पैसे द्यायला नकोत, हे मला मान्य नाही. श्रेयांकाने मेसचे बिल भरत नाही. जुलै २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. त्यात बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये आहेत. ती शिक्षण संपलेल्यांसाठी आहे, सुरुवातीला सहा महिन्यांची होती, पुढे वाढवली गेली. शिकत असलेल्याला ती लागू नाही. पण राज्याने नवशिक्याच्या कामाची किंमत निदान आकड्यात मांडली, हे तिच्यामुळे झाले. ग्रंथालयातल्या दिवसाच्या दोन-तीन तासांचा दर ठरवताना हा आकडा समोर ठेवायला हरकत नाही.

परदेशात हे काम किती रुळलेले आहे ते वऱ्हाडातल्या घराघरांत ठाऊक आहे. अमेरिकेत १९३५ पासून नॅशनल यूथ अॅडमिनिस्ट्रेशनने विद्यार्थ्यांच्या अर्धवेळ कामासाठी सरकारी पैसा दिला, आणि १९६४ च्या कायद्याने ‘वर्क स्टडी’ कायमचे झाले. आज तिथे एमएसला गेलेल्या परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत विद्यापीठाच्या आवारात काम करता येते. बडनेऱ्याच्या किंवा अकोल्याच्या महाविद्यालयातून गेलेली आपली मुले तिथल्या ग्रंथालयात लॅपटॉप देणे-घेणे, प्रिंटर आणि पासवर्ड सांभाळतात, आणि इकडे आई शेजारणीला सांगते की पोरगा लायब्ररीत लागला. त्याच मुलाला इथे असताना ग्रंथालयाच्या सर्व्हरच्या खोलीत पाऊल ठेवू दिले नसते.

आक्षेप आहेत, आणि त्यातला पहिला फार गंभीर आहे. विद्यार्थी स्वस्तात मिळाले की रिकामी पदे भरायचीच कशाला, असे वर कोणीतरी म्हणणार. ग्रंथालय कर्मचाऱ्यांची ही भीती खोटी नाही. म्हणून विद्यार्थ्यांचे तास मंजूर पदांच्या हिशेबात धरले जाणार नाहीत, हे लेखी हवे. मदतनीस ग्रंथपालाच्या हाताखाली काम करील, ग्रंथपालाच्या जागी नाही. वर्गीकरण, खरेदी, संशोधकाला मार्गदर्शन ही शिकलेल्या ग्रंथपालाचीच कामे आहेत.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा. कोणी कोणते पुस्तक नेले, मुलीचा मोबाइल नंबर काय, हे देवघेवीच्या संगणकात असते. आज अनेक ठिकाणी मदतीला आलेल्या मुलाला थेट मुख्य पासवर्ड सांगितला जातो, कारण दुसरा बनवायला वेळ नसतो. हे ताबडतोब थांबले पाहिजे. कोहात प्रत्येकाला वेगळे खाते देऊन नेमकी तेवढीच परवानगी देता येते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यानंतर तर हा निष्काळजीपणा अंगाशी येणारा आहे. मुलींच्या वेळांचेही पाहावे. गावाकडे जाणारी शेवटची एसटी धरायची असेल तर संध्याकाळची पाळी त्यांच्या गळ्यात घालू नये. परीक्षेचा महिना सुटीचा असावा. एक नवे कामही आले आहे: एआयने लिहून दिलेले, अस्तित्वातच नसलेले संदर्भ घेऊन विद्यार्थी आता खिडकीशी येतात. ते खरे की खोटे हे पडताळून दाखवणे मदतनीसाला शिकवावे लागेल, पण त्याला फार वेळ लागत नाही.

पैसा कुठून येईल, याचे उत्तर तितकेसे अवघड नाही. दोन मदतनीस, दिवसाला प्रत्येकी तीन तास, वर्षाचे आठ महिने: हा खर्च अनेक महाविद्यालयांत स्नेहसंमेलनाच्या मंडपापेक्षा जास्त होणार नाही. २०१६ च्या कायद्याने विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळ आहे, त्याच कायद्याने विद्यापीठाचे ग्रंथालय ‘ज्ञानस्रोत केंद्र’ झाले, आणि अमरावतीच्या आवारात ग्रंथालय व माहितीशास्त्राचा विभागही आहे. या तिघांनी मिळून विद्यापीठाच्या पाचही जिल्ह्यांसाठी मराठीतून एक कामाची वही तयार करावी आणि सत्र सुरू व्हायच्या आधी, जूनमध्ये, आठवडाभराचे प्रशिक्षण ठेवावे. तीन वर्षांनी मुलगा पदवी घेऊन जातो तेव्हा त्याच्याबरोबर सगळे ज्ञानही जाते, ही आजची मोठी गळती आहे. जाणाऱ्याने येणाऱ्याला महिनाभर सोबत घेऊन वही सोपवावी, आणि तोपर्यंत त्याचे शेवटचे मानधन व प्रमाणपत्र तयार असावे. त्या वहीत पहिला पाठ बॅकअपचा हवा: तो रोज कुठे घ्यायचा, आवाराबाहेर दुसरी प्रत कुठे ठेवायची, आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून कशी पाहायची. बॅकअप वर्षानुवर्षे घेतला जातो आणि उघडून मात्र एकदाही पाहिलेला नसतो, अशी ग्रंथालये आपल्याकडे पुष्कळ आहेत.